तेल स्वच्छ राहिले, पण पातळ झाले : बायपास ऑइल फिल्टरबाबत तक्रार

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : बायपास ऑइल फिल्टर संच विकताना दिलेले चुकीचे आश्वासन आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळण्याबाबत.

महोदय,

दिनांक ८ जून २०२४ रोजी मी आपल्या कोल्हापुरातील विक्रेत्याकडून बायपास ऑइल फिल्टरचा (इंजिनाच्या मूळ फिल्टरखेरीज लावायच्या जादा फिल्टरचा) संच १४,५०० रुपयांना घेतला आणि १,५०० रुपये मजुरी देऊन तो माझ्या सात आसनी, बीएस-६ डिझेल गाडीला बसवून घेतला. त्याच दिवशी इंजिनात ५डब्ल्यू-३० प्रतीचे नवे तेल भरले. गाडीच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलण्यास सांगितले आहे. आपल्या माहितीपत्रकात मात्र माझ्या गाडीचे नाव छापून, ४०,००० किलोमीटरपर्यंत तेल बदलण्याची गरज नाही, दर १०,००० किलोमीटरला आतला गाळणीचा भाग बदलून कमी झालेले तेल वरून भरले की पुरे, असे स्पष्ट लिहिले आहे. त्या वाक्यावर विश्वास ठेवूनच मी खरेदी केली.

आपला फिल्टर गाळण्याचे काम करत नाही, अशी माझी तक्रार नाही, हे आधीच नोंदवतो. इंजिनाच्या मूळ फिल्टरमधून पंपाने ढकललेले सगळे तेल बेअरिंगांकडे जात असल्यामुळे त्याची गाळणी फार दाट ठेवता येत नाही, आणि बारीक कण त्यातून निसटतात. आपला फिल्टर मात्र एका अरुंद छिद्रातून थोडेसेच तेल बाजूला घेतो, ते २-३ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळतो आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात, परत सोडतो. ही रचना योग्य आहे व मला ती पटलेली आहे.

अडचण ऑक्टोबरमध्ये लक्षात आली. तेल भरल्यापासून गाडी १४,६०० किलोमीटर चालली होती. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी, डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) पुसून पुन्हा घातली, तर तेल वरच्या खुणेच्याही सहा मिलिमीटर वर होते. मध्यंतरी १०,००० किलोमीटरला आपल्याच माणसाने गाळणीचा भाग बदलून तेल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरले होते, त्यानंतर कोणीही थेंबभर तेल घातलेले नव्हते. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळला तेव्हा त्याला डिझेलचा वास येत होता. आपल्या तंत्रज्ञांना फोनवर हे सांगितल्यावर, “काका, आमच्या फिल्टरमुळे इंजिन तेल खात नाही, म्हणून पातळी टिकून आहे,” असे उत्तर मिळाले. टिकणे आणि वाढणे यांतला फरक त्यांच्या लक्षात येऊ नये, याचे मला आश्चर्य वाटले.

म्हणून मी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला. अहवालाप्रमाणे घन कणांचे प्रमाण उत्तम आहे, काजळीही मर्यादेत आहे. परंतु १०० अंश सेल्सिअसला तेलाची स्निग्धता, म्हणजे दाटपणा, ८.६ सेंटिस्टोक्सवर (दाटपणा मोजण्याचे एकक) आली आहे, जी ५डब्ल्यू-३० मधल्या ३० प्रतीच्या तेलाला किमान ९.३ असावी लागते. तेलात सुमारे ८ टक्के डिझेल मिसळलेले आहे. टीबीएन, म्हणजे आम्ल मारण्याची तेलाची शिल्लक ताकद, ७.४ वरून २.१ वर उतरली आहे.

माझी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे हा अहवाल वाचताना मला फार विचार करावा लागला नाही. उसाचा रस कितीही बारीक गाळला तरी चुना घातल्याशिवाय त्याची आम्लता जात नाही; गाळणीचे काम वेगळे, चुन्याचे वेगळे. तेलातले आम्ल मारणारे घटक वापराने खर्ची पडतात आणि कोणताही फिल्टर ते परत आणत नाही. तेलात विरघळलेले डिझेल तर द्रवच, ते कागदाच्या गाळणीतून तेलाबरोबरच निघून जाते. गाळणी बदलताना अर्धा लिटर नवे तेल पडते व त्याने ताकद भरून निघते, असे आपले म्हणणे आहे. पण साडेसहा लिटरमध्ये अर्धा लिटर म्हणजे जेमतेम तेरावा हिस्सा.

माझ्या गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ आहे. तो साफ करण्यासाठी इंजिन अधूनमधून सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरते. माझी गाडी बहुतेक घर, बाजार, नातवाची शाळा अशी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत चालते; ही सफाई अर्धवट राहते, तेल पुरेसे तापत नाही आणि मिसळलेले डिझेल उडून जात नाही. आपल्या माहितीपत्रकातली छायाचित्रे लांब पल्ल्याच्या ट्रकची व जनरेटरची आहेत. तासन्‌तास एकसारख्या भारावर चालणाऱ्या, मोठ्या चेंबरच्या इंजिनांत, तेलाची नियमित तपासणी करून मुदत वाढवता येते, हे मलाही मान्य आहे. तोच आकडा तपासणीचा एक शब्दही न लिहिता गावात फिरणाऱ्या गाडीला लावणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

मी तेल व मूळ फिल्टर तातडीने बदलून घेतले आहेत. तरी संचाची किंमत व मजुरी मिळून १६,००० रुपये, तेलबदलाचे ५,९०० रुपये आणि तपासणीचे २,६०० रुपये, असे एकूण २४,५०० रुपये मला परत करावेत. आपल्या खर्चाने संच काढून ऑइल प्रेशर स्विचजवळची जोडणी पूर्ववत करून द्यावी. आणि माहितीपत्रकातले ४०,००० किलोमीटरचे वाक्य मागे घ्यावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

पावत्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि माहितीपत्रकाच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. इंजिनातून काढलेल्या तेलाचा एक लिटरचा डबा मी सीलबंद करून ठेवला आहे. आपल्याला स्वतंत्र तपासणी करायची असल्यास आपला माणूस पाठवून माझ्यासमोर त्यातला नमुना घ्यावा.

आपला,
एक ग्राहक
(नाव व पत्ता जोडलेल्या पावतीवर आहे.)