असिस्टवाल्या काकूंना पत्र

ती. काकूंस,
शि. सा. नमस्कार.

यूसी डेव्हिसमधलं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा डेव्हिस कॅम्पस) पहिलं क्वार्टर, म्हणजे तिमाही सत्र, पार पडलं. डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात केलेला एकही विषय पुन्हा करावा लागला नाही. फोनवर आभार मानून भागलं असतं, पण एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर) इथे आलेल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या आपल्या पुष्कळ मुली आहेत. त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र उघडच लिहितेय.

डी अँझात नाव घातलं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ३१ डॉलर पडतात आणि ९० क्वार्टर युनिट्स झाली की युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. तुम्ही डायनिंग टेबलावरची ताटं बाजूला सारून लॅपटॉपवर 'असिस्ट' ही विषयांची जुळणी दाखवणारी वेबसाइट उघडलीत. डावीकडे डेव्हिसच्या स्टॅटिस्टिक्सला लागणारे विषय, उजवीकडे त्यांच्या जागी चालणारे डी अँझाचे. "अगं, युनिट ट्रान्सफर होणं वेगळं आणि ते डिग्रीत धरलं जाणं वेगळं," म्हणालात. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्ट विभागात तुम्ही इतकी वर्षं काढलीत, ती त्या एका वाक्यात आली.

मग ह्यांचं ऑफिस बदललं, आम्ही घर हलवलं आणि सेमिस्टर पद्धतीचं एक कॉलेज अगदी हाकेच्या अंतरावर आलं. माझं कॅल्क्युलस तेव्हा निम्मं झालं होतं. डी अँझात ते चार क्वार्टरचं, तिथे तीन सेमिस्टरचं. "दोन तुकडे इथले, उरलेले तिथले, मग मधल्या धड्यांना वाली कोण?" असं विचारून तुम्ही मला गप्प केलंत. उरलेली दोन्ही क्वार्टर्स मी ८५ वरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत काढली. आज लिनिअर मॉडेल्स शिकताना त्या शिव्या परत घेते.

टॅगचंही (ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी) तसंच. प्रवेशाची ती हमी यूसीचे सहाच कॅम्पस देतात, मागता येते एकाच ठिकाणी, आणि अर्ज फक्त सप्टेंबरात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. नातेवाइकांना मात्र बर्कलीशिवाय दुसरं नाव माहीत नसतं! "कर की बर्कलीलाही अर्ज, कोण नको म्हणतंय? पण टॅग डेव्हिसचा," हे तुमचं ऐकलं म्हणून तो हिवाळा मला झोप लागली.

ओळखीतल्या एकांनी सल्ला दिला होता की नाशिकचं एफवायबीएस्सी अर्जात दाखवूच नकोस. तो तुम्ही उडवूनच लावलात. जिथे जिथे शिकलो ते सगळं यूसीला कळवावंच लागतं. शेवटी आयगेटसीचं (जनरल एज्युकेशनचे ठरलेले विषय पूर्ण झाल्याचं) सर्टिफिकेशन मागून घ्यायची आठवणही तुम्हीच केलीत. (२०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्याऐवजी कॅल-गेटसी आहे, मैत्रिणींनो.)

या सुट्टीत कॅपिटल कॉरिडॉर ट्रेनने सॅन होजेला येतेय. एका मैत्रिणीला फूटहिल कॉलेजमध्ये नाव घालायचंय, तिला घेऊन येऊ का? तिचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, अजून ठरलेला नाही. काकू आधी त्यावरूनच झापतील, असं तिला सांगून ठेवलंय.

काकांना नमस्कार.

तुमची,
पूर्वीची शेजारीण