मोजणी शून्य आली, खरी गोष्ट तिथेच आहे

मा. संपादक यांस,

पहिल्या उपग्रहांवर काहीही छापून आलं की त्यात अमेरिका-रशियाची शर्यतच असते, कोण आधी गेलं नि कोण मागे राहिलं. एक्सप्लोरर १ चं पण तेच, ३१ जानेवारी १९५८ ला केप कॅनव्हरलवरून उडाला, अमेरिकेचा पहिला उपग्रह, विषय संपला. अहो पण त्या जेमतेम १४ किलोच्या नळकांड्यातल्या यंत्राने काय दाखवलं ते कुणी लिहितच नाही, म्हणून हे पत्र.

आयोवा विद्यापीठातल्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या टीमने त्यात गायगर काउंटर, म्हणजे आत शिरणारे कण एकेक करून मोजणारी नळी, बसवला होता, वैश्विक किरण (अंतराळातून येणारे वेगवान कण) मोजायला. सेकंदाला साधारण ३० मोजणी यायला हवी होती आणि उपग्रह खाली असताना तशी येतही होती. पण खूप वर गेला की कधीकधी चक्क शून्य! त्यात या उपग्रहात रेकॉर्डर नव्हता, एखाद्या स्टेशनच्या टप्प्यात असेल तेवढी काही मिनिटंच डेटा मिळायचा, त्यामुळे यंत्र बिघडलंय असं कोणालाही वाटलं असतं.

मग मार्चमध्ये एक्सप्लोरर ३ गेला. त्यात जॉर्ज लुडविग या विद्यार्थ्याने बनवलेला टेप रेकॉर्डर होता, आणि अख्ख्या फेरीची मोजणी पहिल्यांदा सलग हातात आली. व्हॅन ॲलन यांनी वॉशिंग्टनमध्ये एका दुकानातून ग्राफ पेपर आणि पट्टी विकत घेतली आणि हॉटेलच्या खोलीत रात्री जागून आलेख काढला. मोजणी चढत जाते, एकदम शून्यावर पडते, बराच वेळ तिथेच राहते आणि पुन्हा वर येते. बिघडलेलं यंत्र असं ठरल्यासारखं वागत नाही. तिकडे आयोवात कार्ल मॅकिलवेनने, तोही विद्यार्थीच, तसलाच काउंटर एक्स-रे मशीनसमोर धरून बघितला तर किरण खूप वाढवले की मोजणी शून्य! एक कण मोजल्यावर नळीला सावरायला क्षणभर लागतो, कण इतके धडाधड आले की तेवढीही उसंत मिळत नाही, मग मोजता येईल असा पल्सच, म्हणजे विजेचा ठोकाच, तयार होत नाही. म्हणजे वर किरण नव्हते म्हणून शून्य नाही, बेसुमार होते म्हणून शून्य.

१ मे १९५८ ला हे जाहीर झालं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे हे पट्टे, आज त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ सर्गेई वेर्नोव यांचे असे काउंटर त्याआधी, नोव्हेंबर १९५७ मध्येच, त्यांच्या देशाच्या स्पुटनिक २ या उपग्रहावर होते, तेही लिहायला हवं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी शर्यतीची चौकट छापाल तेव्हा शेजारी लुडविग आणि मॅकिलवेन यांनाही चार ओळी द्या. विद्यार्थी होते दोघं, आणि त्यांच्याशिवाय त्या शून्याचा अर्थ लागला नसता.

आपला,
एक नियमित वाचक