स्टेफनी शर्लीबद्दल, सुमेधास

पुणे

प्रिय सुमेधा,

तुझं पत्र वाचलं. "आता माझं असं काय उरलंय?" हे वाक्य मनातून जात नाही. ईशानला ऑटिझम असल्याचं कळलं, तेव्हापासून तुझी नोकरी सुटली, झोपही सुटली. तुझा विचार करताना मला सारखी एक बाई आठवते, म्हणून लिहितेय.

स्टेफनी शर्ली. जर्मनीत डॉर्टमुंडला जन्मलेली, वडील ज्यू न्यायाधीश. 1939 मध्ये पाच वर्षांची असताना नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर तिला व्हिएन्नाहून इंग्लंडच्या गाडीत बसवलं. नाझींच्या हातून सुटलेली अशी सुमारे 10,000 मुलं तेव्हा ब्रिटनमध्ये पोचली. भाषा येत नाही, घर परक्यांचं. आईवडील पुढे वाचले, पण त्यांच्याशी तिचं नातं पुन्हा जुळलंच नाही. मला तर हेच सगळ्यात जिव्हारी लागतं. आपल्याला वाचवलंय, तर आयुष्य वाचवण्याजोगं व्हायला हवं, हे तिने लहानपणीच मनाशी धरलं आणि जन्मभर सोडलं नाही.

मुलींच्या शाळेत गणित नव्हतं, म्हणून ती मुलांच्या शाळेत जाऊन शिकली. 1962 मध्ये सहा पौंडांवर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. कामाला घेतल्या त्या बहुतेक बायका, लग्न आणि मुलं झाल्यावर नोकरी सोडाव्या लागलेल्या. सगळ्यांचं काम घरून! कंपन्यांना पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा नवऱ्याच्या सांगण्यावरून ती 'स्टीव्ह' अशी पुरुषाच्या नावाने सही करू लागली. फोनवर घरातला गोंगाट ऐकू जाऊ नये म्हणून मागे टाइपरायटरच्या आवाजाची टेप लावायची. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग याच बायकांनी केलं.

आता ऐक, हे खास तुझ्यासाठी. 1963 मध्ये तिला मुलगा झाला, जाइल्स. त्याला तीव्र ऑटिझम होता. जी काही बोली आली होती तीही गेली, पुढे फिट्स सुरू झाल्या. एकदा तीच इतकी खचली की तिला दवाखान्यात राहावं लागलं. निर्वासित मुलगी म्हणून ती दगडाची झाली नव्हती, सुमेधा. मोडली, उपचार घेतले, परत कामाला लागली. जाइल्स 1998 मध्ये 35 व्या वर्षी गेला. तोवर तिने कंपनीतले शेअर्स कर्मचाऱ्यांना देऊन टाकले होते, आणि स्वतःच्या वाट्याचा बराचसा पैसा ऑटिझमच्या शाळेत आणि संशोधनात घातला. 2025 मध्ये ती गेली.

तुला कंपनी काढायला सांगत नाहीये. तू अकाउंट्समध्ये हुशार आहेस आणि घरून जीएसटी रिटर्न भरायचं काम घ्यायचं तुझ्या मनात आहे, ते घे. आमच्या ओळखीतले दोघे दुकानदार माणूस शोधतायत, मी त्यांच्याशी बोलते. शनिवारी दुपारी ईशानपाशी मी थांबेन, त्याच्या आवडीची गाणी कोणती ते तेवढं कळव. आणि झोपेबद्दल डॉक्टरांशी बोल, या आठवड्यातच.

तुझी,
मृणाल