अण्णा, सेन्सर चांगलाच होता

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही स्वतः मोबाइलवर फारसं वाचत नाही, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल, म्हणून इथे लिहितोय. शिवाय सोलापुरातल्या आणखी चार गाडीवाल्यांना तुमची गाडी दुरुस्त करायची पद्धत कळावी, अशीही इच्छा आहे.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. मोहोळहून सोलापूर, चार तास दवाखाना, मग परत. मे महिन्यात गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली. चेक इंजिनचा दिवा लागायचा, रेडिएटरचा फॅन थांबायचं नाव घेत नव्हता, पेट्रोल पाण्यासारखं जायचं. औषधांच्या दुकानासमोर पाच मिनिटं गाडी बंद केली की गरम इंजिन परत लवकर सुरूच व्हायचं नाही. थकलेली आई मागच्या सीटवर, काचेतून ऊन, आणि मी नुसता स्टार्टर मारतोय. ती काही बोलायची नाही, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एका वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर पी०११८ हा बिघाडाचा कोड निघाला आणि कूलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिन किती तापलंय ते सांगणारा सेन्सर, बदलला. आठ दिवसांत दिवा परत लागला. पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी "ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असेल" असं सांगून जो आकडा काढला, तो ऐकून मी गाडी तशीच तुमच्याकडे आणली.

तुम्ही स्कॅनर लावून मला जवळ बोलावलंत. "बगा ओ, तुमचं इंजिन उणे ४०वर हाय." बाहेर ऊन रटरटत होतं, बॉनेटला हात लावता येत नव्हता. सेन्सरच्या वायरींचं सर्किट कुठं तुटलं की सिग्नलच्या वायरवर ५ व्होल्ट तसेच राहतात आणि ईसीएमला ते कडाक्याच्या थंडीसारखं दिसतं. मग तो पेट्रोल जादा सोडतो, आणि रीडिंगवरचा भरवसा उडाला की काळजीपोटी फॅन चालूच ठेवतो. हे मला पहिल्यांदाच कुणीतरी समजावून सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "कोड सर्किट म्हणतोय, सेन्सर म्हणत नाही." या एका वाक्यासाठी हे पत्र आहे, अण्णा.

सेन्सर काढून शेजारच्या टपरीवरून आणलेल्या गरम पाण्याच्या ग्लासात बुडवलात. मीटर ११०० ओमच्या आसपास होता, तो सरसर उतरत साडेतीनशेवर आला. गरम झाला की रेझिस्टन्स कमी, म्हणजे सेन्सर ठणठणीत. नंतर सेन्सरला जोडणाऱ्या कपलरच्या दोन्ही पिना, एक सिग्नलची आणि एक अर्थची (निगेटिव्ह), छोट्या वायरनं जोडल्यात. रीडिंग एकदम चढायला हवं होतं, ते उणे ४०वरच. त्याच वायरचं एक टोक अर्थच्या पिनेतून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावलंत आणि आकडा शंभराच्या वर उडाला. सिग्नलची वायर चांगली, ईसीएम चांगला, तुटलीय ती सेन्सरची अर्थ. नवा ईसीएम घ्यायला निघालेल्या माणसासमोर हा निकाल दोन मिनिटांत लागला. (तीन वायरच्या सेन्सरला असं शॉर्ट करायचं नाही, ५ व्होल्टची सप्लाय अर्थला गेली तर नुकसान होतं, हेही तुम्ही बजावलंत. वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

पुढचा तास मी विसरणार नाही. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोडवून तुम्ही ती वायर बोटांनी चाचपत गेलात. एअर फिल्टरच्या ब्रॅकेटजवळ थांबलात. वरून वायर अखंड होती, पण तिथं ती दोरीसारखी लुळी पडत होती. ब्लेडनं आवरण चिरल्यावर आत तांब्याची हिरवी भुकटी आणि एकच तार, तीही हलली की सुटणारी. आधीच्या ठिकाणी मीटरची बीप ऐकून वायर पास केली होती. गाडी उभी असताना ती एक तार टेकत असणार. इंजिन थरथरलं की सुटत असणार.

खराब तुकडा कापून नवी वायर डाग देऊन जोडलीत, वर हीट श्रिंकची आवळणारी नळी चढवलीत, ब्रॅकेटच्या धारेपासून हार्नेस लांब बांधलात. मग इंजिन चालू ठेवून वायर हलवत राहिलात आणि मला स्कॅनर धरायला लावलात. ८८, ८९, ९०. आकडा एकदाही उडाला नाही. फॅन लागला आणि आपोआप बंद झाला. तेव्हाच तुम्ही हात पुसलेत.

मजुरी ३०० रुपये. मी जास्त देऊ लागलो तर म्हणालात, "सामान काय लागलं की? वायरच हाय." वर पहिला काढलेला सेन्सरही तपासून दिलात. तो चांगला निघाला. सध्या डॅशबोर्डच्या खणात आहे.

दोन महिने झाले, दिवा लागलेला नाही. परवा औषधांच्या दुकानासमोर गाडी एका चावीत सुरू झाली आणि आई मागून म्हणाली, "त्या अण्णांना चटणी दिलीस का?" तिनं स्वतः बसून शेंगा चटणी केलीय. गुरुवारी दवाखान्यातून परतताना घेऊन येतो.

तुमचा ऋणी,
मोहोळचा पांढऱ्या गाडीवाला