घानाला निघालात? आधी ट्वीतून अभिवादन शिका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला घानाच्या वारसायात्रेवरचा, म्हणजे तिथून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या स्मृतिस्थळांच्या यात्रेवरचा, लेख वाचला. स्थळांची माहिती नेटकी आहे, पण त्यातला एक सल्ला दुरुस्त करायला हवा, म्हणून हे पत्र. ‘घानाची राजभाषा इंग्रजी असल्याने भाषेची चिंता नको’, असे त्यात म्हटले आहे. विमानतळ, हॉटेल, बँक, संग्रहालय इथवर ते खरे आहे. परंतु अशा यात्रेला जाणारा माणूस कुमासी शहराच्या केजेतिया बाजारात फिरतो, बोनविरे गावात केंटे हे पारंपरिक कापड विणणाऱ्यांच्या मागाशी बसतो, कुणाच्या तरी घरी पाणी पितो. तिथे व्यवहार ट्वी या आकान लोकांच्या भाषेतून चालतो. अभिवादन न करता थेट ‘हे केवढ्याला?’ किंवा ‘किल्ला कुठे आहे?’ असे विचारणारा पाहुणा तिथे उद्धट ठरतो, मग त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असो. अमेरिकेत-ब्रिटनमध्ये राहणारे काही मराठी लोक आफ्रिकन वंशाच्या मित्रांबरोबर, सुना-जावयांबरोबर अशा यात्रेला जातात. त्यांच्यासाठी तर ही तयारी फारच महत्त्वाची आहे.

सुरुवात तीन अभिवादनांपासून करावी. सकाळी ‘माचे’, दुपारी ‘माहा’, संध्याकाळी ‘माज्वो’. जो येतो तो आधी बोलतो. दुकानात शिरलात तर पहिले बोलायचे तुम्ही. वडीलधाऱ्यांशी बोलताना आधी ‘मेपा वो चॅव’ म्हणजे ‘कृपा करून’ जोडावे. भराभर बोलताना ते ‘मेपाचॅव’ असे ऐकू येते. खरी गंमत उत्तरात आहे. ‘माचे’ला उलटून ‘माचे’ म्हणत नाहीत. उत्तर ‘या’ने सुरू होते आणि पुढे समोरच्याचे नाते येते: वडिलांच्या वयाच्या पुरुषाला ‘या अजा’, आईच्या वयाच्या बाईला ‘या ॲना’, बरोबरीच्याला ‘या नुआ’, लहानाला ‘या ऑबा’. ‘अक्वाबा’ म्हणून कुणी स्वागत केले तरी उत्तर हेच. पर्यटकांना मिळणाऱ्या पत्रकांत ‘अक्वाबा’ असते, त्याचे उत्तर मात्र छापलेले नसते. त्यामुळे पाहुणा नुसता हसून उभा राहतो.

पुढचा टप्पा खुशालीचा. ‘वो हो ते सॅन?’ म्हणजे कसे आहात, ‘मे हो यॅ’ म्हणजे मी बरा आहे. तिथेच थांबू नये; ‘ना वो न्सो ॲ?’ म्हणजे ‘आणि तुम्ही?’ हे विचारायलाच हवे. आभारासाठी ‘मेदासे’, मनापासून असतील तर ‘मेदासे पा’. हो म्हणजे ‘आने’, नाही म्हणजे ‘दाबी’. समजले नाही तर ‘मेन्ते आसेॲ’. दुःख झालेल्या माणसाला ‘दुए’. फोटो काढण्याआधी ‘मेपा वो चॅव, मेतुमी अच्वा वो म्फोनी?’ असे विचारावे आणि ‘दाबी’ आले तर कॅमेरा खाली घ्यावा.

आता उच्चार. ट्वी रोमन लिपीत लिहितात आणि इंग्रजीच्या सवयीने वाचणारा तिथेच फसतो. ‘के-वाय’ लिहिले असेल तिथे ‘चार’मधला च, ‘जी-वाय’ असेल तिथे ‘जीवन’मधला ज, ‘एच-वाय’ असेल तिथे श. ‘टी-डब्ल्यू’ म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘च्व’, म्हणून भाषेचे नावही आपण ट्वी लिहीत असलो तरी तिथल्या तोंडी ‘च्वी’च्या जवळ जाते. ‘डी-डब्ल्यू’चा असाच ‘ज्व’. आकड्यातल्या तीनला आरशात पाहिल्यासारखे एक अक्षर दिसते, तो साधारण आपला ॲ. उलटा सी दिसतो तो ऑ. मराठी माणसाला हे दोन्ही स्वर सहज जमतात, देवनागरीत लिहिताही येतात. उच्चारांची वही म्हणूनच देवनागरीत ठेवावी, शेजारी मूळ रोमन लेखनही असू द्यावे.

देवनागरीत न मावणारी गोष्ट एकच, आणि सगळ्यात जास्त अडते ती तिथेच: सूर. ट्वीत वरचा आणि खालचा असे दोन मूळ सूर आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. ‘पापा’ हा एकच शब्द घ्या. दोन्ही अक्षरे वरच्या सुरात म्हटली तर चांगला, पहिले खाली आणि दुसरे वर म्हटले तर वडील, दोन्ही खाली म्हटली तर पंखा. मराठीत आपण प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो. तीच सवय ट्वीत नेली की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो आणि समोरचा गोंधळतो. उपाय सोपा आहे. ध्वनिमुद्रण ऐकून आधी शब्दांशिवाय, तोंड मिटून नुसता सूर गुणगुणावा. तो तीन-चार वेळा जुळला की मगच शब्द घालावेत, आणि स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळाशेजारी ऐकावा. लिखित ट्वीत सुरांच्या खुणा सहसा नसतात, त्यामुळे नुसत्या पुस्तकावरून शिकलेली ट्वी तिथे उपयोगी पडत नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२पासून ट्वी आहे. शब्द शोधायला ते ठीक, पण लिहून आलेल्या उत्तरातून सूर कळत नाही.

पुस्तके घेतानाही सावध राहावे. ट्वीची आसान्ते आणि आकुआपेम ही दोन रूपे आहेत. जुने लिखित साहित्य बहुतांशी आकुआपेमचे: १८७१चे ट्वी बायबल, जर्मन मिशनरी क्रिस्टालर यांचे १८७५चे व्याकरण आणि १८८१चा कोश. कुमासीत मात्र आसान्ते ऐकू येते. म्हणून पुस्तकात पाणी ‘न्सु’ असते आणि बाजारात ‘न्सुओ’. दोन्ही बरोबर आहेत; शिकणाऱ्याने एकच रूप धरावे, आणि प्रवासात कुमासी असेल तर ते आसान्ते असावे. केप कोस्ट आणि एल्मिना या किनाऱ्यावरच्या गावांकडे फान्टे बोलतात. ती ट्वीची इतकी सख्खी की तुमची ट्वी तिथे समजते, फक्त ‘सॅन?’च्या जागी ‘डॅन?’ ऐकू आले तर बिचकू नये. अक्रा ही मुळात गा लोकांची भूमी, तरी तिथेही ट्वी सर्रास चालते. उत्तरेकडे टमालेला मात्र दागबानी आहे. तिथे ट्वीचा आग्रह धरू नये.

नकाराकडे खास लक्ष हवे. ‘मेपॅ’ म्हणजे मला हवे, ‘मेम्पॅ’ म्हणजे नको. ‘मेते आसेॲ’ म्हणजे कळते, ‘मेन्ते आसेॲ’ म्हणजे कळत नाही. मधला म किंवा न गिळला की अर्थ नेमका उलटा होतो, आणि नको असलेली वस्तू बांधून हातात येते. आकड्यांतही असाच सापळा आहे. ‘अदुओनु’ म्हणजे वीस आणि ‘अदुओनुम’ म्हणजे पन्नास; शेवटचा ओठ मिटलेला म ऐकू आला नाही तर तीस सेदींचा (सेदी हे घानाचे चलन) फरक पडतो. शंका आली तर बोटांवर दाखवावे, पण उजव्या हाताच्या. एक ते दहा असे: बाको, म्मिएनु, म्मिॲन्सा, ॲनान, ॲनुम, न्सिया, न्सोन, न्वॉच्वे, न्क्रोन, एदु. किंमत विचारायला ‘ॲयॅ सॅन?’, कमी करा म्हणायला ‘ते सो’. आणखी एक. जुलै २००७मध्ये दहा हजार जुन्या सेदींची एक नवी सेदी झाली, तरी बोलण्यात जुना हिशेब अधूनमधून डोकावतो. कुणी दहा हजार म्हणाले तर घाबरू नका, त्याचा अर्थ एक सेदी.

डाव्या हाताने देणे, घेणे, हात हलवणे, दिशा दाखवणे, सगळेच अपमानाचे समजतात. आपल्याला हे नवे नाही, पण उजव्या हातात फोन आणि डाव्या हातात पैसे असा पर्यटक तिथे रोज चुकतो. बसलेल्या मंडळींना भेटताना आपल्या उजवीकडच्या टोकापासून सुरुवात करून डावीकडे हस्तांदोलन करत जावे. घराशी गेलात तर दारातून ‘आगो’ म्हणा, आतून ‘आमे’ आले की मगच पाऊल टाका. आत बसायला आणि पाणी देतात, आणि त्यानंतरच येण्याचे कारण विचारतात. पाणी येण्याआधी कामाचे बोलणे काढू नये. निघताना ‘मेस्रॅ क्वान’, म्हणजे वाट द्या, अशी परवानगी मागायची; न मागता उठणे बरे दिसत नाही. गावच्या प्रमुखाची भेट ठरली असेल तर श्नॅप्स या मद्याची बाटली नेण्याची रीत आहे, आणि बोलणे त्याच्याशी थेट न करता त्याच्या ‘ऑचेआमे’मार्फत, म्हणजे प्रवक्त्यामार्फत होते. समोर पायावर पाय टाकून बसू नये, टोपी काढावी.

एवढे सगळे जमायला सहा ते आठ आठवडे, रोज वीस मिनिटे पुरतात. पहिला आठवडा फक्त ध्वनी आणि सूर, शब्दांची घाई नको. पुढचे दोन अभिवादन आणि त्यांची उत्तरे, तीही जोडीने म्हणून. आकडे त्यानंतर. शेवटचे दोन आठवडे नवीन काही न घेता उलटसुलट प्रश्नोत्तरे करावीत, कारण प्रत्यक्षात अडते ते आठवण्यापाशी नसून ऐकण्यापाशी.

प्रवासाच्या आखणीबद्दल लेखाशी आमचा दुसरा मतभेद आहे. अक्राहून सकाळी निघून केप कोस्ट, एल्मिना आणि काकुमच्या जंगलातला झाडांवरचा झुलता पूल एका दिवसात उरकावा, असे त्यात सुचवले आहे. असे करू नये. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२मध्ये बांधला, १६३७मध्ये तो डचांकडे आणि १८७२मध्ये ब्रिटिशांकडे गेला. केप कोस्टच्या किल्ल्यात गुलाम म्हणून जहाजांतून नेल्या जाणाऱ्या पुरुष बंदिवानांच्या तळघरावरच प्रार्थनास्थळ होते. या जागांवर त्या बंदिवानांचे वंशज शोक करायला येतात. काही गट आपल्यापुरते वेगळे आत जाण्याची विनंती करतात, तेव्हा बाहेर थांबावे. तळघरात सेल्फी काढू नयेत, फुलांच्या चक्रांना हात लावू नये. दोन किल्ल्यांसाठी दोन दिवस ठेवावेत आणि त्या संध्याकाळी नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवू नये.

दिशाही उलटी करावी. अंतर्भागातून माणसांना किनाऱ्याकडे चालवत आणले जाई, म्हणून आधी कुमासी, मग आसिन मान्सो, मग समुद्र असा क्रम योग्य. केप कोस्टच्या उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आसिन मान्सोच्या नदीत बंदिवानांना शेवटची अंघोळ घालत. जमैका आणि अमेरिकेतून आणलेले दोघांचे अवशेष १९९८मध्ये तिथे पुन्हा दफन केले गेले. केप कोस्टच्या किल्ल्यातून बंदिवानांना जहाजांकडे नेत त्या ‘परतीची वाट नसलेल्या दारा’च्या बाहेरच्या बाजूला आता ‘परतीचे दार’ अशी पाटी आहे. ती समुद्राकडून आत येताना वाचायची असते, म्हणून घाईने मागे फिरू नये. कुमासीचे तीन-चार दिवस आधी झाले की ट्वी कानावर पडलेली असते आणि मार्गदर्शकाशी दोन शब्द बोलायची भीड चेपते, हा या क्रमाचा आणखी एक फायदा.

वंशजांबरोबर जाणाऱ्यांनी एक भान ठेवावे. जनुक चाचणीत घाना आले म्हणजे पूर्वज ट्वीच बोलत होते असे नव्हे. या किल्ल्यांतून नेलेले अनेक जण उत्तरेकडून आणलेले होते. तरीही आकान खुणा अटलांटिकपार टिकल्या, त्यातली ठळक म्हणजे वारावरून ठेवायची नावे. सोमवारी जन्मलेला मुलगा क्वाज्वो किंवा कोजो, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुली अनुक्रमे अज्वोआ, अफुआ, आमा. १७३९मध्ये ब्रिटिशांशी तह करणारा जमैकाचा, पळून स्वतंत्र झालेल्या गुलामांचा म्हणजे मरूनांचा, नेता कजो आणि १७६३च्या बर्बिसच्या (आजच्या गयानातल्या) गुलामांच्या उठावाचा पुढारी कफी ही तीच नावे. आपल्या जन्माचा वार निघण्याआधी पंचांगात पाहून ठेवावा, कारण हा प्रश्न तिथे हमखास विचारतात. लहान मुले ‘ओब्रोनी’ म्हणून हाक मारतात, ती परदेश्याला उद्देशून असते. शिवी नसली तरी आफ्रिकन वंशाच्या पाहुण्याला ती जिव्हारी लागू शकते. सोबत्यांना हे आधी सांगून ठेवावे.

आरोग्याचे थोडक्यात. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र घानात प्रवेशासाठी सक्तीचे आहे. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि आता आयुष्यभर चालते. भारतात ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते, म्हणून दीड-दोन महिने आधी वेळ घ्यावी. साठीपुढच्यांनी, गर्भवतींनी, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. प्रमाणपत्राविना भारतात परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या गोळ्या अर्धवट सोडणे ही नेहमीची चूक: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे घ्यायचीच असते. क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी आहे. परतल्यावर वर्षभरात ताप आला तर डॉक्टरांपाशी घानाचा उल्लेख पहिल्या वाक्यात करावा. लष्करी छापाचे कपडे नागरिकांनी घालायला तिथे बंदी आहे, तेव्हा तशी पँट किंवा टोपी बॅगेत टाकू नये.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत शब्दांची चौकट देणार असाल, तर अभिवादनासोबत त्याची उत्तरेही छापावीत, प्रत्येक अक्षरावर वरच्या-खालच्या सुराची खूण द्यावी आणि ते शब्द आसान्ते की फान्टे हे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपले,
ट्वीचे दोन अभ्यासक वाचक