किल्ली माझ्या खिशात

गोकुळ शिरगाव, कोल्हापूर

ती. आई, ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, आवाज बसलाय तुझा. सर्दी नव्हती गं. फोनवर सांगता येईना म्हणून लिहितोय. आधी एवढं वाचा : मला काही झालेलं नाही, कुणालाच काही झालेलं नाही.

मंगळवारी रात्री कारखान्यात कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, ट्रक भरत होतो. फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये जाऊन ब्रेक मारते, तेव्हा ट्रक दर वेळी बोटभर पुढे सरकतो. म्हणून चाकाला उटी, म्हणजे पाचर, लावायची असते. ती मी वाकून बघायची. पोरगं 'लावलीय' म्हणालं आणि मी हात केला. चौथ्या फेरीला माल भरायचा फलाट आणि ट्रक यांच्यात वीतभर फट पडली, फोर्कलिफ्टचं पुढचं चाक तीत गेलं, गाडी कलली. चालवणाऱ्यानं पट्टा बांधला होता म्हणून तो जागेवर राहिला. घाबरून उडी मारली असती तर गाडी त्याच्याच अंगावर आली असती.

रजिस्टरमध्ये ट्रक ड्रायव्हरची चूक लिही, असं मला सुचवलं गेलं. मी माझी लिहिली. तीन महिने रात्रपाळीचा भत्ता बंद, त्यामुळे दीड हजार कमी येतील. आणि भरणं संपेपर्यंत ट्रकची किल्ली माझ्या खिशात राहील, हे मी मागून घेतलंय. दुसरा माणूस तयार होईपर्यंत मला सुट्टी नाही. म्हणून गणपतीला येत नाही. ठरवून टाकलंय आई, रागवू नकोस. मोदक दादाला दे. दिवाळीला नक्की येतो.

आप्पा, मार्केट यार्डात मला गुळाच्या रव्यांवर, त्या मोठ्या ढेपांवर, बसवून ठेवायचात, आठवतं? 30 किलोचा रवा खांद्यावर घेण्याआधी तुम्ही चढायची फळी पायानं दोनदा दाबून बघायचात. मुकादम ओरडायचा, तरी बघायचात. मला वाटायचं, आप्पा भितात. मग सुटताना खिशातला गुळाचा खडा माझ्या तोंडात घालायचात, त्याला घामाची खारट चव असायची. मंगळवारपासून ती फळी डोळ्यांसमोरून हलत नाही.

खाण्याची काळजी करू नका. मेसच्या मावशी भाकरी गरम वाढतात. तुम्ही पाठवलेला घनसाळ तांदूळ अजून अर्धा डबा आहे. पोलादी टोकाचे नवे बूट मिळालेत, आता टाचेला लागत नाहीत.

आता तुम्ही ऐका. युरियाचं 45 किलोचं पोतं एकट्यानं उचलायचं नाही. दादा येईपर्यंत ते पडवीत पडू दे. कंबरेचा पट्टा ट्रंकेत घडी घालून ठेवायला आणला नव्हता. गडहिंग्लजच्या डॉक्टरांसाठी पैसे वेगळे पाठवलेत, ते शेळीच्या पेंडीला घालू नका. तुम्ही कधी मोडला नाहीत हे मला माहीत आहे आप्पा, पण कंबर दाखवून या. आई, बीपीची गोळी त्यांच्या हातावर देऊन उठू नकोस, गिळेपर्यंत समोर बस.

तुमचा,
बाळू