मदतीच्या रांगेत कसली संमती?

संपादक महोदय,

आपत्तीतल्या संशोधनावरचा कालचा लेख वाचला. लेखक अभ्यासू आहेत, वाद नाही, पण निवारा केंद्रात एक रात्र तरी काढलीय का त्यांनी? 'सहभागींची लेखी संमती घेतली जाते' एवढं लिहून मोकळे झालेत.

पुरानंतर आम्ही अशाच केंद्रात होतो. पाण्याच्या कॅनसाठी रांग, आणि त्या रांगेतच एक मुलगा टॅब घेऊन आला, गळ्यात कुठल्याशा संस्थेचं कार्ड. माझ्या पुढच्या आजींना विचारतोय, घरातलं कोण गेलं का, झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, एक ते पाचमध्ये सांगा! आजींनी एवढंच विचारलं, बाळा, यात नाव लागलं की पैसे मिळतील ना? तर म्हणे ते आमच्याकडं नसतं आजी, तुम्ही इथं अंगठा द्या. दिला बिचारीनं, रांगेतला नंबर सोडून नाही कोण म्हणणार हो? झाली लेखी संमती. आजी रडायला लागल्या तसा हा पुढच्या माणसाकडं सरकला, टार्गेट असणार. दुसऱ्या दिवशी दुसरी टीम, प्रश्न तेच. त्यातून काय निघालं ते आम्हाला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

संशोधन नकोच असं नाही. डेक्सामेथासोनसारखं साधं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटना वाचवतं हे २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमुळंच कळलं, तेही साथ ऐन भरात असताना. पण मग १९९६ चं नायजेरियातल्या कानो शहरातलं प्रकरण लेखात का नाही? मेंदूज्वराच्या साथीत फायझरनं लहान मुलांवर ट्रोव्हन या नव्या अँटिबायोटिकची चाचणी घेतली आणि हा प्रयोग आहे हे आईबापांना नीट सांगितलं होतं का यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. सीआयओएमएस या वैद्यकीय संशोधनाचे नैतिक नियम सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर आपत्तीसाठी वेगळं कलमच आहे, संशोधनानं मदतकार्यात अडथळा आणू नये म्हणून. मग मदतीच्या रांगेत घुसायची परवानगी कुठली एथिक्स कमिटी देते, आणि प्रश्न ऐकून माणूस कोलमडला तर त्याला सांभाळायला टीमसोबत कोण असतं? यावर एक ओळ नाही.

आणि लेखासोबतचा तो फोटो. चिखलात बसून रडणारी बाई, चेहरा अगदी स्पष्ट. खाली फोटोग्राफरचं नाव न विसरता छापलंय, छापण्याआधी त्या बाईंना विचारलं होतं का तेवढं कळवा.

– एक नियमित वाचक